उंबरझिऱ्याचं हवाई टपाल

२९ जुलै, अक्कलकुवा

खोली मिळाली. हायवेच्या अंगाला, खाली टायरवाल्याचं दुकान. गुजरातकडचे ट्रक दिवसभर भिंत हलवतात. वही बाजारातून आणली. उड्डाणाची नोंद लॉगबुकात करायची असते, ही वही माझी.

आधी काम काय ते लिहून ठेवते. टपाल खात्याची चार महिन्यांची चाचणी आहे. अक्कलकुव्याहून सातपुड्यातल्या उंबरझिरा गावाला टपाल आणि दवाखान्याच्या गोळ्या ड्रोननं पोचवायच्या. ड्रोन आमच्या कंपनीचा, चालवणार मी. पंख अडीच मीटरचा, तीन किलो वजन नेतो, कॅमेऱ्याचं चित्र उपग्रहावरून पाठवतो. हवेतून सव्वीस किलोमीटर, बावीस मिनिटं. रस्त्यानं चौसष्ट, आणि पावसाळ्यात दरडी आल्या की शेवटचे अकरा पायी. ते अकरा किलोमीटर वीरसिंग नावाचे डाकसेवक एकतीस वर्षं पिशवी खांद्याला लावून चालत आले आहेत. ड्रोन उतरल्यावर टपाल तेच काढून घेणार.

निघताना वडिलांना सांगायला बागेत गेले. आबा केळीच्या ओळीत बसून ठिबकची नळी साफ करत होते. मान वर केली नाही. म्हणाले, "फवारनीनं काम काय वाईट व्हतं?"

दोन वर्षांपूर्वी मी शाळेची नोकरी सोडून कापसावर ड्रोननं फवारणी करायला लागले, तेव्हा त्यांनी विचारलं होतं, शाळेचं काम काय वाईट होतं.

१ ऑगस्ट

पहिलं उड्डाण झालं. सकाळी नऊ दहाला सोडलं. टपाल खात्याचे साहेब आले होते, नारळ फोडला, फोटो काढले. चौदा पत्रं, क्षयाच्या आणि सिकलसेलच्या गोळ्या. बटण दाबण्याआधी हात ओढणीला दोनदा पुसले. हवा दमट होती.

स्क्रीनवर आधी शेतं, मग साग, मग नुसती हिरवी घडी. अठराव्या मिनिटाला दोन डोंगरांमधली खिंड लागते, तिथून पलीकडे उतरलं की गाव. शाळेच्या पटांगणात अलगद बसलं. लोक लांब उभे होते. वीरसिंग एकटे पुढे आले, पेटीचं बटण दाबलं, टपाल काढलं. मग खांद्यावरचा गमछा घेऊन पंख पुसत बसले. मशीनला हात लावू नका म्हणून दोनदा बजावलं होतं.

आबा अक्कलकुव्याला आलेले. म्हणाले, केळीची रोपं बघायला. रोपं शहाद्यात मिळतात, घरापासून चार किलोमीटरवर. मैदानाच्या कडेला जरा वेळ उभे राहिले. मशीन परत आलं आणि मी वळून बघितलं तर गेलेले. चहा तरी घ्यायचा.

५ ऑगस्ट

सकाळी सातला वीरसिंगांचा फोन. "ताई, आज नको." धापा टाकत दोन शब्द बोलतात आणि ठेवून देतात. का नको ते नाही, नमस्कार नाही. ॲपवर वारा ताशी अकरा किलोमीटर. एवढ्या वाऱ्यात मी डोळे मिटून फवारणी केली आहे. तरी थांबले, कारण नवीन आहे.

नवनीत सरांचा पुण्याहून फोन. कंपनीत ही ड्रोन-टपालाची लाइन तेच बघतात. "ममता, हवामान ॲपवर बघायचं का डाकसेवकाला विचारायचं?" दोन महिन्यांत चाळीस उड्डाणं झाली तरच खातं लाइन पुढे चालू ठेवणार. ते मला माहीत आहे.

दिवसभर खोलीत फेऱ्या मारल्या. दारापासून खिडकीपर्यंत सहा पावलं.

८ ऑगस्ट

पुन्हा "आज नको."

मला आता कळायला लागलं आहे. माझं मशीन नीट चाललं की त्यांचं चालणं संपलं. एकतीस वर्षांची पिशवी कोण सुखानं खाली ठेवेल? त्यांच्या जागी मी असते तर मीही कधी ढग दाखवला असता, कधी वारा. राग येत नाही. पण चाळीस मोजायचे आहेत.

१४ ऑगस्ट

सलग पाच उड्डाणं. एकूण आठ.

कॅमेऱ्यात दर वेळी एक म्हातारी दिसते. पटांगणाच्या कडेला दगडावर बसलेली, टपाल काढून होईपर्यंत उठत नाही. वीरसिंगांना फोनवर विचारलं.

"कमलीबाई. कागद आला का, विचारते."

"कसला कागद?"

"सरकारचा," म्हणाले आणि ठेवला.

शिक्का असलेल्या कागदाचं जुन्या माणसांना अप्रूप असतं. आमची आजी विजेचं बिलसुद्धा देवघरात ठेवायची.

२१ ऑगस्ट

मशीन पडलं.

नीट लिहिते. सातला फोन आला. आज नेहमीपेक्षा जास्त बोलले. "ताई, ढग डोंगराच्या खांद्यावर बसलाय. दहानंतर खिंडीत वारा वरून पडेल. आज नको." ॲपवर वारा चौदा, आकाश मोकळं. नऊला नवनीत सरांचा फोन. तीन आठवड्यांत बाराच उड्डाणं झाली, वर साहेब विचारतात. मी म्हटलं, उंबरझिऱ्याहून नको म्हणाले आहेत. ते म्हणाले, "पायलट कोण आहे?"

मी आहे, म्हटलं.

दहा वीसला सोडलं. खिंडीपर्यंत एक धक्का नाही. मनात म्हणत होते की संध्याकाळी वीरसिंगांना शांतपणे सांगायचं, बघा, काही झालं नाही. खिंडीत शिरताच उंचीचा आकडा पडायला लागला. चढ म्हटलं तरी खाली. तीन सेकंदांत चाळीस मीटर. पॅराशूट उघडल्याची खूण आली, झाडं आली, पडदा काळा.

मशीनची शेवटची जागा नकाशावर टिपून ठेवली.

वीरसिंगांना फोन लागत नव्हता. एकला त्यांचाच आला.

"पडलं?"

"हो."

"टपालात काय होतं?"

मी मशीन कुठं असेल ते सांगायला लागले. त्यांनी पुन्हा तेच विचारलं. यादी काढून वाचली. गोळ्यांची दोन पाकिटं, साधी पत्रं चार, रजिस्टर अकरा. सगळी एकाच मापाची खाकी पाकिटं, एकाच कचेरीची.

"नावं वाचा."

वाचली. जामसिंग, करणसिंग, दोधू, कमलीबाई... अकराही.

"मी बघतो," म्हणाले.

मी सांगितलं की मशीनजवळ जाऊ नका, बॅटरी पेट घेते. तोवर ठेवला होता. माणूस शोधायला निघाला हे खरं. वाईट वाटलं असेल.

२२ ऑगस्ट

काही कळलं नाही. नवनीत सरांचे सहा फोन.

२३ ऑगस्ट

काही कळलं नाही. मशीनची शेवटची जागा नकाशावर शंभर वेळा मोठी करून बघितली.

आबा आले. ट्रॅक्टरचा पट्टा घ्यायला, म्हणे. पलंगाच्या कडेवर तासभर बसले. मी पोह्यांची ताटली ठेवली, ती तशीच राहिली. मशीन पडल्याचं मी घरी सांगितलं नव्हतं. निघताना विचारलं, "वारा कसा शे आते?"

"बरा आहे," म्हटलं.

"घर येवानं व्हई ते ये. नही ते नको येऊ." पट्टा न घेताच गेले. विसरले असतील.

२४ ऑगस्ट

उंबरझिऱ्याच्या आरोग्यसेविकेचा फोन. पिशवी सापडली. मशीन खिंडीखालच्या ओढ्यात दोन तुकडे होऊन पडलं आहे. वीरसिंग दगडावरून घसरले, गुडघा सुजून भोपळा झाला आहे, चालता येत नाही.

उद्या जाते. मशीनमधलं उड्डाणाच्या नोंदीचं कार्ड काढून आणायला हवं.

२६ ऑगस्ट, उंबरझिरा

काल लिहिता आलं नाही. शाळेच्या ओट्यावर बसून लिहिते आहे. पाय उचलत नाहीत.

जीप दरडीपर्यंत आली, पुढे पायी. बावीस मिनिटांत जे मी बारा वेळा पार केलं ते चढायला काल पाच तास लागले. स्क्रीनवर जी हिरवी घडी दिसते तिच्यात तीन ओढे आहेत. गावाच्या अलीकडे एका टेकाडावर मोहाचं झाड लागलं. तिथं फोन वाजायला लागला. सोबतचा माणूस म्हणाला, रेंज इथंच. गाव तिथून खाली, अर्ध्या तासाचा उतार. म्हणजे सकाळी सातला मला दोन शब्द सांगायला वीरसिंग अर्धा तास चढून यायचे. धापा त्या चढाच्या होत्या.

वीरसिंगदादा अंगणात खाटेवर पाय लांब करून बसले होते. वाळका, उंच माणूस, पांढऱ्या मिशा. उशाशी टपालाची पिशवी. मला बघून उठायला लागले.

मी म्हटलं, "माझ्यामुळं झालं."

"मशीनमधलं काही जळलं नाही. टपाल कोरडं आहे," ते म्हणाले, जणू मी तेच विचारलं होतं.

मग पाकिटांचं कळलं. वनहक्काच्या दाव्यांची सुनावणी. या अकरा घरांनी कसत असलेल्या जमिनीचे दावे कधीच टाकलेले आहेत. सुनावणीला हजर राहायचं, जुने पुरावे न्यायचे, नाहीतर दावा निकालात निघतो. कमलीबाईचा एकदा निघाला होता. त्या वर्षी पावसात कागद उशिरा मिळाला. तिनं पुन्हा टाकला. नोटीस येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, तारीख कुणालाच नाही. तारीख पाकिटात.

"पिशवी तर सापडली होती ना? मग उघडून का नाही बघितलं?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी खाली बघितलं. "दुसऱ्याचं पाकीट आहे, ताई." खाटेवर आणून टाकल्यावर त्यांनी पहिल्यांदा कमलीबाईला बोलावून तिचं पाकीट तिच्या हातात दिलं, अंगठा घेतला. ते तिनं वाचून घेतलं. अठ्ठावीस तारीख.

"मला त्याच दिवशी सांगायचं होतंत. मी कचेरीत जाऊन तारीख विचारून आले असते. अक्कलकुव्यातच बसून होते मी."

"तुम्ही मशीनचं विचारत होता," ते म्हणाले. रागानं नाही. वारा कसा आहे ते सांगतात तसं.

जवळच्या चार घरांना कमलीबाईनं परवाच बोलावून आणलं होतं. सहा घरं लांबच्या पाड्यांवर, डोंगराच्या चार वेगवेगळ्या धारांवर. मी म्हटलं, द्या, मी वाटून येते. दादा म्हणाले, रजिस्टर परक्याच्या हातात देता येत नाही. "माणूस घेऊन या. पाकीट इथंच मिळेल."

म्हणून काल दुपारी आणि आज दिवसभर मी माणसं बोलवत फिरले. पुढे कमलीबाई, मागे मी. ती सत्तरीची असेल. धारेवर उभी राहून पलीकडच्या पाड्याला हाक मारते आणि तिथून उत्तर येतं. मला तिची बोली येत नाही, तिला माझी थोडी येते. एका चढावर मी खाली बसले तेव्हा ती थांबली. मी म्हटलं, "तुमचे कागद माझ्यामुळं पडले."

"तू पाडनारी?" तिनं विचारलं.

"हो."

"ऊठ मग. दोन घर राहिले."

संध्याकाळपर्यंत सहाही पाकिटांवर सह्या-अंगठे झाले. जामसिंग गुजरातेत मजुरीला गेला आहे, त्याच्याऐवजी त्याची आई आली. मशीनचं कार्ड काढायला मी ओढ्यात गेलेच नाही. आत्ता लिहिताना आठवलं.

२८ ऑगस्ट, तळोदा

काल पहाटे सगळ्यांबरोबर उतरले. आज प्रांत कचेरीच्या व्हरांड्यात अकराही घरची माणसं हजर. कुणी वनखात्याची जुनी दंडपावती प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आणलेली, कुणी शेताच्या बांधाचा फोटो. कमलीबाईचं नाव पुकारलं तेव्हा ती उठली, लुगडं झटकलं आणि आत गेली. दहा मिनिटांनी बाहेर आली.

"काय झालं?"

"लिहिलं," म्हणाली. "कागद येईल, सांगितलं."

३ सप्टेंबर, अक्कलकुवा

नवनीत सरांनी अपघाताचा अहवाल लिहून पाठवला, माझ्या सहीसाठी. इंग्रजीत. तिसऱ्या परिच्छेदात आहे की उतरण्याच्या ठिकाणच्या अप्रशिक्षित कर्मचाऱ्यानं हवामानाची चुकीची माहिती दिल्यामुळं अपघात झाला.

फोन केला. "सर, त्यांनी उडवू नका सांगितलं होतं."

"त्याची नोंद आहे कुठं?"

"मला सांगितलं होतं."

"ममता, तुझं लायसन्स वाचतंय. लाइन वाचतेय. त्या माणसाचं काय जाणार आहे? दोन वर्षांत निवृत्त होईल."

विचार करून सांगते म्हटलं. आता विचार करते आहे. लाइन बंद पडली तर त्या अकरा किलोमीटरवर पुन्हा कोण चालणार, त्या गुडघ्यानं? सही केली तर लाइन राहते, गोळ्या वेळेवर जातात. हे खरंच आहे. मग ते लिहिताना पेन कागदात का रुततं आहे?

४ सप्टेंबर

सही केली नाही. मराठीत दीड पानाचा माझा अहवाल लिहिला. उंबरझिऱ्याहून सकाळी सातला स्पष्ट नकार आला होता, तरी दहा वीसला मी उड्डाण केलं, निर्णय माझा. नवनीत सरांच्या फोनचंही लिहिलं, पण बटण त्यांनी दाबलं नव्हतं. टपाल खात्याच्या साहेबांना स्वतः नेऊन दिला. त्यांनी दोनदा वाचला आणि विचारलं, "हे तुम्हाला कुणी लिहायला सांगितलं?"

१३ सप्टेंबर

काल चौकशी झाली. तीन महिने मला उड्डाणबंदी. लाइन तोवर स्थगित. नवनीत सर बाहेर आले, माझ्याशी न बोलता गाडीत बसले. मी दुपारच्या एसटीनं घरी आले.

२० सप्टेंबर, घर

घरी करमत नाही. आई म्हणते बस, बसवत नाही. बागेत जाते, बांधावर जाते, परत येते. सकाळी सातला हात फोनकडे जातो. फवारणीचं काम मागायला दोघं आले, उड्डाणबंदी आहे सांगताना त्यांच्याकडे बघवलं नाही.

आज आबांनी पाणी सोडता सोडता विचारलं, "तू खरं सांगनी का साहेबले?"

"हो."

"मंग येरझारा कसाले घाली ऱ्हायनी?"

त्यांनी फावडं माझ्या हातात दिलं. तीन ओळींचं पाणी मी वळवलं. आईकडून आज कळलं की एक ऑगस्टला आबा कुठलीच रोपं घ्यायला गेले नव्हते. मग अक्कलकुव्याला गेले तरी कशाला, ते तिलाही सांगता आलं नाही. ती नुसती हसली.

८ ऑक्टोबर

वीरसिंगदादांना फोन लावला. लागला म्हणजे ते मोहाच्या झाडापाशी होते. गुडघा कसा आहे विचारलं. "चढतो," म्हणाले. टपाल पुन्हा पायी आणतात, आठवड्यातून एकदा. मी विचारलं, खिंडीतला वारा तुम्हाला कसा कळतो? पहिल्यांदाच लांब बोलले. ढग कुठल्या खांद्यावर, पाखरं खिंडीतून जातात का वळसा घालतात, धूर सरळ जातो का वाकतो. मी सगळं लिहून घेतलं. दोन पानं झाली. शेवटी विचारलं, हे आधी का नाही सांगितलं?

"आज नको म्हटलं की पुरतं, वाटलं."

२ डिसेंबर

नवनीत सरांचा फोन. खातं लाइन पुन्हा सुरू करतंय. अट अशी की डोंगरावरून होकार आल्याशिवाय उड्डाण नाही आणि तो रोज नोंदवायचा. बंदी संपली की मी हजर व्हायचं. "दुसरं कुणी अक्कलकुव्यात राहायला तयार नाही," ते म्हणाले. आवाज कोरडा. चालेल.

१५ डिसेंबर, अक्कलकुवा

तीच खोली. नवीन मशीन. सातला होकार आला, नऊला सोडलं, नऊ बावीसला उतरलं. नोंदीत होकाराची वेळ आणि नाव लिहिलं: वीरसिंग, ६.५८. बटण दाबण्याआधी हात ओढणीला पुसले. भीती वाटली होती, लिहून ठेवते.

१९ डिसेंबर

आज पिशवीत अकरा खाकी पाकिटं होती.

पेटीत ठेवताना ती एकेक हातात घेतली. आत काय ते मला माहीत नव्हतं, आणि आत जे असेल ते माझ्या चांगल्या उड्डाणानं बदलणार नव्हतं. होकार आला होता, पण दादा म्हणाले होते, अकरानंतर सांगता येत नाही. नऊ वीसला पटांगणात बसलं. कॅमेऱ्यात लोक या वेळी लांब नव्हते. मग सगळे चौकटीबाहेर गेले आणि मला नुसती माती दिसत राहिली. मशीन पाच मिनिटांत परत उडवायचं असतं. मी बटणाला हात लावला नाही.

दहाला फोन आला. दादा झाडापाशी चढून आले होते.

"सात मंजूर. चार नामंजूर."

"कमलीबाई?"

"नामंजूर."

ते पुढे म्हणाले, "ती विचारते, विमान परत कधी जाणार? जिल्ह्याला अपील करायचं. मास्तर अर्ज लिहितात. आज गेलं तर बरं."

"तुम्ही सांगा. वारा कसा आहे?"

"आता बरा. धूर सरळ आहे."

"किती वेळ थांबू?"

ते खिंडीकडे बघत असावेत. "पाऊण तास," म्हणाले. "मी इथून हलत नाही. खाली पोरी उभ्या आहेत, हाक देतील."

पाऊण तास मी स्क्रीनवरची माती बघितली. फेऱ्या मारल्या नाहीत, बसून होते. दहा चाळीसला चौकटीत लुगड्याचा काठ आला, मग हात, मग पेटी बंद झाल्याची खूण आली. वजन चाळीस ग्रॅम. चार अर्ज.

फोनवर दादांचा आवाज, "सोडा, ताई. आत्ता."

सोडलं. खिंडीत एकदा हललं, सावरलं. अकरा वाजून तीन मिनिटांनी माझ्या डोक्यावर आलं. पेटी उघडली, लिफाफे कोरडे होते. कमलीबाईच्या लिफाफ्याच्या कोपऱ्यात शाईचं बोट उमटलं होतं. टपाल कचेरीत धावत गेले. खिडकी चालू होती. चारही रजिस्टर केले, चार पावत्या घेतल्या आणि त्यांचे नंबर दादांना फोनवर वाचून दाखवले. त्यांनी एकेक आकडा परत म्हणून घेतला.